तीन दरपत्रकांचा कॅमेरा

योगराज देवरे याने उभ्या आयुष्यात तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय काही विकत घेतलं असेल, तर ती फक्त मेथीची जुडी, आणि तीसुद्धा कामिनी सोबत असताना. जळगावच्या एका सरकारी कार्यालयात तो सव्वीस वर्षं भांडार शाखेत होता. टाचण्यांच्या डबीपासून लोखंडी कपाटापर्यंत जे जे त्या कार्यालयात आलं, ते त्याच्या हातच्या तुलनात्मक तक्त्यातून आलं. तीन दुकानांचे तीन रकाने, खाली शेरा, शेऱ्याखाली सही. सव्वीस वर्षांत एकाही लेखापरीक्षकाला त्याच्या फाइलीत बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. लग्नाच्या वेळीही त्याने तीन स्थळं पाहिली. कामिनी दुसरी. तिसरं स्थळ आपण केवळ नियम म्हणून पाहिलं असं तो आजही सांगतो, आणि कामिनीला ते आजही पटलेलं नाही.

अशा माणसाला कॅमेरा घ्यायचा होता. तोही साधा नाही, गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलता येणारा, डीएसएलआर म्हणतात तो. हौस म्हणून नव्हे. योगराजला हौस अशी नव्हतीच. असती तर तिचाही तक्ता झाला असता.

कारण होतं त्याची आई, बेबाबाई. वय अठ्ठ्याहत्तर. वर्षभरापासून ती गावाहून त्याच्याकडे जळगावला राहायला आली होती आणि वर्षभरापासून थोडं थोडं विसरत होती. आधी चष्मा, मग वार, मग गॅसवरचं दूध. चैत्रात एके दिवशी योगराज ऑफिसातून आला, तर तिने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोणत्या गावाहून येणं केलं म्हणून अदबीने विचारलं. पाच मिनिटांनी ओळख पटली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे झालं, ते योगराजने पहिल्यांदाच नीट पाहिलं. आधी भुवया वर गेल्या, मग डोळे उजळले, मग बोळकं तोंड एका बाजूने हसलं, आणि लगेच, "तुले भूक लागनी व्हई." पन्नास वर्षं तो हा चेहरा बघत आला होता आणि त्याची कधी दखल घ्यावी असं त्याला वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चांगले दिवस येतील, वाईट येतील, चांगले हळूहळू कमी होत जातील. योगराज घरी येऊन न्हाणीत नळ सोडून रडला. बाहेर आल्यावर कामिनीला म्हणाला, आई आपल्याला ओळखते त्या घडीचा एक फोटो हवा, ती ओळखते आहे तोवर.

कामिनीने मोबाइल पुढे केला. त्याने काढून पाहिले तीसेक फोटो. पण त्या मोबाइलला माणसाचं वय मान्य नव्हतं. तो आपल्या मनाने सुरकुत्या पुसून टाकायचा, आणि आईचा चेहरा लग्नाच्या अल्बममधल्या करवलीसारखा गुळगुळीत यायचा. हा चेहरा आपल्या आईचा नाही, असा शेरा मारून योगराजने ती पद्धत निकालात काढली.

शेजारच्या फ्लॅटमध्ये हितेंद्र राहायचा. बँकेत नोकरीला, पण ओळख पक्ष्यांच्या फोटोंची. दर रविवारी पहाटे हतनूर धरणावर जायचा आणि दुपारी उन्हाने लाल होऊन, एका बदकाचे चारशे फोटो घेऊन परत यायचा. योगराजने विषय काढताच त्याचे डोळे लकाकले. माणसाला आपला छंद दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला मिळतो तेव्हा होतो तसा आनंद त्याला झाला. त्याने योगराजला दोन तास बसवून सेन्सर सांगितला, शटर सांगितलं, आणि लेन्सच्या भोकाचा आकडा सांगितला. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. हे ऐकून योगराजने पेन खाली ठेवलं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही असा उलटा हिशोब त्याच्या पाहण्यात आला नव्हता.

मग कंपनीचा प्रश्न आला. लाल अक्षरांची एक कंपनी आणि पिवळ्या अक्षरांची एक. हितेंद्र लाल अक्षरांचा होता आणि पिवळ्यांविषयी तो भाऊबंदकीतल्या माणसाविषयी बोलावं तसा तोंड वाकडं करून बोलायचा. लेन्स मात्र दोन घ्याव्यात, यावर तो ठाम होता. एक जवळची, छोटी, कॅमेऱ्याबरोबर येते ती. दुसरी लांबची. दोन्ही मिळून एका खोक्यात येतात, त्याला किट म्हणतात. "योगराजभाऊ, लांबची नसेल तर तुम्ही पस्तावाल," असं तो इतक्या काळजीने म्हणाला की योगराजला ती नसल्याबद्दल त्याच क्षणी पस्तावल्यासारखं झालं.

दरपत्रकांचं काम सुरू झालं. जळगावातल्या पहिल्या दुकानातल्या माणसाने भाव तोंडी सांगितला. योगराजने लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागितला. त्या माणसाने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या पिशवीकडे पाहिलं, आणि कुठल्या खात्याची धाड आहे म्हणून हळूच विचारलं. दुसऱ्या दुकानाने व्हिजिटिंग कार्डच्या पाठीवर लिहून दिलं आणि शिक्का नाही म्हणून खाली मिठाईच्या दुकानाचा शिक्का मारून आणला. तिसरं दरपत्रक मिळेचना. तोवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. एवढा चांगला मुहूर्त, कामिनी म्हणाली, घेऊन टाका. पण दोन दरपत्रकांवर खरेदी करायची म्हणजे योगराजला फिरत्या पंख्यात बोट घातल्यासारखं वाटलं. आखाजी गेली. त्या आठवड्यात आईने त्याला दोनदा ओळखलं नाही.

मे महिन्यात, आधी लांबची लेन्स वापरून तर बघा म्हणून, हितेंद्रने आपला कॅमेरा एका दिवसासाठी दिला. ती लेन्स चांगली दुधी भोपळ्याएवढी होती. योगराजने ती आईसमोर धरली तर आईच्या नाकाचा शेंडा तेवढा दिसला, तोही धुरकट. मागे सरका, हितेंद्र म्हणाला. योगराज मागे सरकत सरकत हॉलमधून स्वयंपाकघरात गेला, तिथून आणखी मागे सरकायला जागा उरली नाही. तेव्हा हितेंद्रने असं सुचवलं की आईला गॅलरीत बसवावं आणि योगराजने समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जावं. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. योगराज डोक्याला उपरणं गुंडाळून गच्चीच्या कठड्यावर पालथा झाला आणि लेन्स आपल्याच घरावर रोखली. आई सापडली. पण लेन्स जरा खाली गेली आणि त्यात कमलबाई सापडल्या.

कमलबाई त्याच्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि त्या वेळी आपल्या गॅलरीत कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं. उपरण्यात तोंड गुंडाळलेला एक इसम आपल्यावर नळकांडं रोखून पालथा पडलाय, हे दृश्य कोणाही बाईला आवडण्यासारखं नव्हतं. पुढच्या दहा मिनिटांत ती गच्ची, जिना आणि खालचं आवार माणसांनी भरलं. योगराजने उपरणं सोडून चेहरा दाखवला, त्याने तर प्रकरण आणखीच चिघळलं. आईचा फोटो काढत होतो, हा खुलासा खरा होता, पण खऱ्याला त्या दिवशी बाजारभाव नव्हता. रविवारी सोसायटीची बैठक झाली. बैठकीच्या इतिवृत्तात "श्री. देवरे यांना समज देण्यात आली" अशी ओळ आली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची इतिवृत्तं लिहिणाऱ्या माणसाला ती ओळ फार लागली. तो दोन दिवस जेवला नाही नीट. हितेंद्र मात्र बैठकीला आलाच नव्हता, त्याला बदक होतं.

तरीही योगराज मागे हटला नाही. लांबची लेन्स पारखून झाली, आता रीतसर पुढे जायचं असं त्याने ठरवलं. सरकारी नोकराने अमुक किमतीच्या वर वस्तू घ्यायची तर कार्यालयाला कळवावं लागतं. बाकीचे लोक मोटारी घेऊन मोकळे होतात आणि नंतर कळवतात किंवा कळवतही नाहीत. योगराजने आधी अर्ज केला. कार्यालयाचे अधीक्षक मगनराव. पान खाल्ल्याशिवाय त्यांना कागद वाचता येत नसे, आणि पान खाल्ल्यावर बोलता येत नसे, त्यामुळे ते सगळ्या शंका लेखी काढायचे. पहिली शंका: प्रयोजन काय? योगराजने लिहिलं, आईचे छायाचित्र काढणे. आठ दिवसांनी दुसरी शंका आली: एका आईसाठी दोन लेन्स कशासाठी, याचा खुलासा करावा. योगराजने दीड पानी खुलासा केला. त्यात सेन्सर आला, भोकाचा आकडा आला. खुलासा वाचून मगनराव इतके गोंधळले की त्यांनी फाइल वर पाठवली, वरून ती अभिप्रायासाठी खाली आली, आणि खाली म्हणजे भांडार शाखेत, योगराजच्याच टेबलावर. स्वतःच्या कॅमेऱ्यावर स्वतःच अभिप्राय देणं योगराजच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने तो कागद परत वर पाठवला.

परवानगी हातात आली तो अधिक महिना लागला होता. त्या वर्षी श्रावणच अधिक आला. अधिक महिन्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, असं यावेळी कमलबाईंनीच कामिनीला सांगितलं. त्या आता योगराजशी बोलत नव्हत्या, पण त्याचं वाईट व्हावं असंही त्यांना वाटत नव्हतं. महिना आणखी गेला. आई आता सकाळच्या वेळी त्याला ओळखायची, संध्याकाळी नाही. योगराज सकाळी कामावर जाण्यापूर्वी उगीच तिच्यापुढे बसून राहायचा. ती ओळखायची, भुवया वर, डोळे, तोंडाची एक बाजू. आणि त्याच्या हातात काही नसायचं. एकदा कामिनी चहाचा कप त्याच्याजवळ ठेवत म्हणाली, "तुम्ही तक्ता आईसाठी करताय का स्वतःसाठी?" त्याला राग आला होता, आणि तो राग तिच्यावर नव्हता.

अधिक संपला त्या शनिवारी तो तिसऱ्या दरपत्रकासाठी एसटीने धुळ्याला गेला. पारोळ्यापर्यंत उभा, पुढे बसून. आग्रा रोडच्या आत एका गल्लीत नवीनशेठ यांचं जुनं दुकान होतं. नवीनशेठ साठीचे, शांत. त्यांनी दरपत्रक लेटरहेडवर दिलं, शिक्का मारला, तारीख टाकली. योगराजला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग ते म्हणाले की हे खोकं दुकानातलं शेवटचं. असले कॅमेरे आता कंपन्याच मागे घेतायत, लोक आरसा नसलेले कॅमेरे घेतात. योगराजने तक्ता काउंटरवर पसरला आणि त्याच्या एकवीस ओळींमध्ये हे कुठे बसतं ते शोधायला लागला.

नवीनशेठ थोडा वेळ बघत राहिले. "साहेब, फोटो कोणाचा काढायचा?"

चार महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मगनरावांनी विचारलं होतं, पण ते प्रयोजन म्हणून. योगराजने सांगायला सुरुवात केली आणि भुवया वर जातात तिथपर्यंत येऊन अडला. नवीनशेठनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "मग घेऊन जा," ते म्हणाले. "मी माझ्या बापाचा काढायचा राहून गेला. दुकान फोटोचं, पण राहून गेला."

योगराजने घेतला. तक्त्यात धुळ्याचा दर सगळ्यांत कमी होता, म्हणजे नियमालाही बाधा नव्हती. नवीनशेठनी खोक्याशेजारी नखाएवढी एक चपटी काळी वस्तू ठेवली आणि हेही लागेल म्हणाले. योगराजने तक्ता पाहिला. एकवीस ओळींत ती वस्तू कुठेच नव्हती. जी वस्तू मंजूर नाही ती घेणं म्हणजे जादा खरेदी. त्याने ती नम्रपणे परत केली. नवीनशेठनी दोनदा सांगून पाहिलं, मग ह्या माणसाकडे घरी असेल असं समजून ठेवून दिली.

घरी आल्यावर पहिला मान त्याने कमलबाईंना द्यायचं ठरवलं. झालं गेलं विसरावं म्हणून कामिनीने त्यांना बोलावून आणलं. त्या पैठणी नेसून, नथ घालून आल्या. योगराजने त्यांचे चाळीस फोटो काढले. खुर्चीवर, झाडाशेजारी, तुळशीजवळ, हातात परडी घेऊन. कॅमेरा दर वेळी खट् असा भारदस्त आवाज करत होता आणि पडद्यावर क्षणभर फोटोही दाखवत होता. कमलबाई अगदी मोकळ्या झाल्या. अर्ध्या तासाने हितेंद्र आला, त्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि आत बोट घालून म्हणाला की यात कार्डच नाही. ती नखाएवढी वस्तू म्हणजे हेच कार्ड. चाळीसच्या चाळीस फोटो कुठेच नव्हते. कमलबाई उठल्या, पदर सावरला आणि खाली गेल्या. हे योगराजने मुद्दाम केलं, असं त्यांचं मत त्या दिवशी कायम झालं.

कार्ड आणलं. आणि मग कानबाईचा, खानदेशातल्या घरोघरच्या देवीचा, सण आला.

कानबाई गावी, अमळनेरजवळ, थोरला भाऊ कौतिक याच्या घरी बसायची. सगळे भाऊबंद तिथे जमायचे. योगराजने ठरवलं, फोटो तिथेच काढायचा. आईला आपलं घर, आपली माणसं दिसली म्हणजे ती ताजी होते. शनिवारी सकाळी तो आईला आणि कामिनीला घेऊन गावी पोचला. आई खरंच ताजी झाली. चुलीजवळ गेली, सुनांना दोन गोष्टी सुनावल्या. योगराजने खोकं उघडून कॅमेरा देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेला. परत येईतो आईने नव्या वस्तूची पूजा उरकली होती. हळद, कुंकू, अक्षता. कुंकू कपाळाला लावतात आणि कॅमेऱ्याचं कपाळ म्हणजे त्याच्या पुढच्या अंगाला चकाकतं ते, एवढं तिला बरोबर कळलं होतं. लेन्सच्या काचेवर, अगदी मधोमध, पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट होतं.

योगराजने रुमालाने पुसलं, ते पसरलं. कौतिकच्या बायकोने पदराने पुसलं, त्याला तेल लागलं. हितेंद्रला फोन लावला तर त्याने आधी हात लावू नका म्हणून सांगितलं, आणि लावलाय म्हटल्यावर कोणी कोणी, कशाने पुसलं ते विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, दुसरी लावा. छोटी लेन्स काढून योगराजने लांबची चढवली. कॅमेरा आता त्याच्या चेहऱ्यापुढे हातभर आला.

बाहेर ओट्यावर गहू मोजायचं चाललं होतं. कानबाईच्या रोटाचे गहू असे मोजतात: घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे एक मूठ, आणि त्या पिठाचा प्रसाद भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचा नाही. मूठ टाकायचा मान घरातल्या सगळ्यांत वडील बाईचा, म्हणजे आईचा. ती सूप मांडीशी घेऊन बसली होती. सकाळचं ऊन तिच्या उजव्या गालावर होतं. सगळे भोवती गप्प बसले होते, कारण तिला नावं आठवतील की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"हाई कौतिकनी," ती म्हणाली आणि मूठ सुपात सोडली. "हाई झुलालनी." झुलाल म्हणजे चुलत दीर. नातवंडं झाली, पुतणे झाले, एकाचंही नाव चुकलं नाही. मध्येच एक मूठ भरून ती क्षणभर थांबली. "हाई यास्नी," ती हळूच म्हणाली. योगराजच्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. कौतिकच्या बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, कौतिकने मान हलवून तिला थांबवलं, आणि ती मूठही सुपात पडली.

योगराज समोर अंगणात पंधरा हातांवर उभा होता, कॅमेरा डोळ्याला, बोट बटणावर. त्याला आत आईचा चेहरा दिसत होता, इतका जवळ की पापण्या मोजता याव्यात.

"हाई योगूनी," आई म्हणाली. मूठ तशीच हवेत राहिली. तिने मान वर केली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. "योगू कथा शे? ऊना नही का?"

सगळे योगराजकडे बघायला लागले. आईनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "तोंड झाकीसन कसाले उभा शे रे भाऊ?" तिने विचारलं.

योगराजने कॅमेरा खाली घेतला. "माय, मी शे ना."

भुवया वर गेल्या. डोळे उजळले. तोंड एका बाजूने हसलं. "आठेच शे का तू? बठ्ठं घर धुंडं मी."

हाच तो चेहरा. योगराजने घाईने कॅमेरा वर केला, आणि चेहरा गेला. तिथे आता एका अनोळखी माणसाकडे संशयाने बघणारी म्हातारी होती. त्याने कॅमेरा खाली घेतला, चेहरा आला. वर घेतला, गेला. तीन वेळा असं झालं तोवर लोक हसत होते. कौतिक म्हणाला, "आरे मोबाइलमा काढ ना भो, कितला येळ." चौथ्या वेळी कोणी हसलं नाही, कारण चौथ्या वेळी आईला ओळखायला वेळ लागला. ती त्याच्या उघड्या चेहऱ्याकडेही तशीच बघत राहिली, आणि बऱ्याच वेळाने भुवया हलल्या. आपण वर-खाली करून तिच्याजवळ उरलेलं तेवढंही खर्च करतोय, असं योगराजला वाटलं. इतकं वाचून, विचारून, तक्ते करून त्याने अशी वस्तू आणली होती की जिच्यामागे उभं राहिलं की आईला आपण दिसतच नाही.

कामिनी उठून त्याच्याजवळ आली. आणल्यापासून त्याने तिला त्या कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. "द्या इकडे," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन बसा तिच्यासमोर."

तो काही म्हणणार होता. भोकाच्या आकड्याविषयी असावं. पण त्याने कॅमेरा दिला, ओट्यावर गेला आणि आईसमोर मांडी घालून बसला. मागे कामिनीने वरची चकती फिरवून हिरव्या खुणेवर आणली. ती खूण नवशिक्यांची, असं हितेंद्र सांगायचा, आणि योगराजने तिला आजवर बोटही लावलं नव्हतं. आईने त्याच्याकडे पाहिलं. एक भुवई, दुसरी. मागे खट् झालं. आईने हातातली मूठ सुपात सोडली आणि विचारलं की तू जेवला का.

फोटो एकच निघाला. मंगळवारी जळगावला हितेंद्रने तो आपल्या लॅपटॉपवर उघडला आणि पडदाभर मोठा केला. मग म्हणाला की फोटो अफलातून आहे, असा चेहरा आपल्यालाही कधी मिळाला नाही. फक्त एक अडचण होती. फोटोचा डावा अर्धा भाग योगराजच्या डोक्याने व्यापला होता. मागून. विरळ झालेले केस, त्यातून दिसणारी वाटीएवढी जागा, एक कान, आणि कॉलरमधून बाहेर आलेलं शर्टाचं लेबल. हितेंद्र म्हणाला की हे कापून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे, नुसत्या आई राहतील. योगराजला पटलं. आपली टाळू हॉलच्या भिंतीवर टांगायची आणि ती कमलबाईंनी येता-जाता बघायची, हे त्याला सोसवणारं नव्हतं. काप, तो म्हणाला.

आई तिथेच सोफ्यावर बसली होती. तो दिवस वाईट होता. सकाळपासून ती योगराजला पाव्हणा म्हणत होती आणि पाव्हण्याला चहा दिला का म्हणून कामिनीला विचारत होती. कामिनीने तिला हाताला धरून लॅपटॉपपुढे आणलं आणि चष्मा लावून दिला. आई वाकून बघायला लागली. आपल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, त्या उजळलेल्या डोळ्यांकडे, त्या हसण्याकडे.

"हाई डोकरी कोन शे?" तिने विचारलं.

हितेंद्रने खाली बघत माऊस हातात घेतला. आईचं बोट पडद्यावर हळूहळू डावीकडे सरकलं, त्या विरळ केसांवर आलं, कानावरून खाली उतरलं, आणि शर्टाचं लेबल कॉलरच्या आत तिने दोनदा ढकलून पाहिलं. ते आत जाईना.

"हाऊ मना योगू शे," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या पाव्हण्याला तिने ते जरा अभिमानानेच सांगितलं.

योगराजने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि फोटो जसाच्या तसा, डोक्यासकट छापायला पाठवला.